गाड्याबरोबर नळ्याची यात्रा: एका विधेयकात एकच विषय असावा का?

प्रश्न सोलापुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे, कायद्याच्या शेवटच्या वर्षाची. ती विचारते, "अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या घटनांत 'एका विधेयकात एकच विषय' असं बंधन आहे. आपल्याकडे ते का नाही? आणि आणलं तर आपले कायदे सुधारतील का?"

असं सर्वसाधारण बंधन आपल्याकडे खरंच नाही. ना संसदेवर, ना मुंबईतल्या विधानमंडळावर. धन विधेयकापुरता त्याचा एक तुकडा घटनेत आहे, त्याकडे येतोच. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर विद्यार्थ्यांना सहसा आवडत नाही. अमेरिकेचा नियम जसाच्या तसा उचलला तर आपल्याकडे फार काही हलणार नाही, कारण तो ज्या दुखण्यावरचा काढा आहे ते दुखणं आपलं नाही. आपलं वेगळं आहे, आणि ते मला कसं कळलं ते आधी सांगतो.

मी इथल्या कोर्टात एकोणतीस वर्षं वकिली करतोय. बरीचशी कामगार आणि भविष्य निर्वाह निधीच्या भानगडींत गेली. २०१७ च्या जूनमधली गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलवाला पीएफच्या थकबाकीचा आदेश घेऊन आला, कलम ७-अ खालचा. शर्टावर सुताचा फुफाटा तसाच, आणि आदेशाची घडी उघडून उघडून मऊ पडलेली. अपिलाला साठ दिवस. त्यात कलम ७-ओ प्रमाणे पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरा, नाहीतर सूट मिळावी म्हणून अर्ज करा. हे सगळं मला तोंडपाठ. अपील दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणात करायचं, हेही तोंडपाठ. कपाटातलं पीएफ कायद्याचं पुस्तक काढलं, कलम बघितलं, ज्युनियरकडून अपिलाचा मेमो टाइप करून घेतला आणि दिल्लीतल्या ओळखीच्या वकिलांना कुरिअर केला. चार दिवसांनी त्यांचा फोन. "साहेब, हे आता इथे घेत नाहीत. ते न्यायाधिकरणच गेलं."

२६ मेपासून ते काम केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेलं होतं. म्हणजे आमच्यासाठी मुंबईला. आणि हा बदल केला होता कशाने? पीएफ कायद्याच्या दुरुस्ती अधिनियमाने नाही. वित्त अधिनियम, २०१७ ने. त्याचं दीर्घ शीर्षक सांगतं की केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या वित्तीय प्रस्तावांची अंमलबजावणी करण्यासाठी हा कायदा आहे. त्या प्रस्तावांच्या पोटात, शेवटाकडच्या चौदाव्या भागात, न्यायाधिकरणांचं विलीनीकरण बसलेलं होतं.

मुदत हुकली नाही, हे नशीब. चूक माझीच, वकिलाने राजपत्र बघितलं पाहिजे. पण पीएफच्या अपिलाचा पत्ता शोधायला अर्थसंकल्पाबरोबरचं विधेयक उघडायचं, हे कुणाला सुचणार? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बदल वाईट नव्हता. दिल्लीपेक्षा मुंबई कधीही बरी, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी दारात. तक्रार बदलाबद्दल नाही, तो कोणत्या वाटेने आला याबद्दल आहे.

याला मराठीत नेमकी म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. वंगणाचा नळा बैलगाडीला टांगलेला असतो, गाडी पंढरपूरला निघाली की तोही पंढरपूर करून येतो. त्याला कुणी विचारत नाही, तोही कुणाला विचारत नाही. महापालिकेच्या सभेत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलेल्यांना दुसरा शब्द चटकन आठवेल, "आयत्या वेळचे विषय". विषयपत्रिका घरी येते, आपण वाचतो, अकरा विषय असतात, त्यात काही नसतं. खरं काय ते बाराव्यात, अध्यक्षांच्या परवानगीने.

आता अमेरिकेचं दुखणं काय होतं ते बघा. १७९५ मध्ये जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्याच्या लांबलचक नावात राज्याच्या जुन्या सैनिकांचे पगार भागवण्याचा विषय होता. पोटात मात्र सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन चार कंपन्यांना पाच लाख डॉलरला विकायचं ठरलेलं होतं. यझू जमीन घोटाळा म्हणून हे प्रकरण गाजलं, पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला, आणि १७९८ च्या जॉर्जियाच्या घटनेत कलम आलं की कायद्याच्या नावात नाही ते कायद्याच्या पोटात असणार नाही. १८४४ मध्ये न्यू जर्सीने त्याच्या पुढे जाऊन प्रत्येक कायद्याचा उद्देश एकच असावा आणि तो नावात सांगितलेला असावा, असं घटनेतच लिहिलं. बाकीची राज्यं मागोमाग आली. आज चाळीसहून जास्त राज्यांत असं बंधन आहे. केंद्रावर, म्हणजे त्यांच्या काँग्रेसवर, मात्र नाही. फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेतही ते आहे.

न्यू जर्सीच्या कलमाचा रोख मतांच्या देवाणघेवाणीवर होता. तिकडे आमदाराला स्वतःचं मत असतं. एकट्या पुलाला बहुमत मिळत नाही, एकट्या कालव्यालाही मिळत नाही. मग पूलवाले आणि कालवेवाले एकत्र येतात, दोन्ही एका विधेयकात बांधतात, आणि ज्या दोन गोष्टी एकेकट्या पडल्या असत्या त्या जोडीने पास होतात. ही जोडी तोडायला एक-विषयाचा नियम.

आपल्याकडे ही जोडी जमवायची गरजच कुणाला पडते? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. सभागृहात खंडवार, म्हणजे विधेयकाच्या एकेका कलमावर, मतदान होतं खरं, प्रत्येक खंड "विधेयकाचा भाग म्हणून मान्य" असा वेगळा मताला टाकता येतो, प्रत्यक्षात गठ्ठ्याने टाकतात. पण वेगळा टाकला तरी काय, सत्ताधारी सदस्य तेराव्या खंडाला "नाही" म्हणू शकत नाही. म्हणजे त्याचं मत विकत घ्यायला त्याच्या तालुक्यातला पूल विधेयकात घालावा लागत नाही. तो आधीच बांधलेला असतो.

मग आपल्याकडे नळा गाडीला टांगतात तो कशासाठी? मला दोन कारणं दिसतात. एक, दुसऱ्या सभागृहाला वळसा घालायला. दोन, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. काही वेळा दोन्ही.

पहिल्यासाठी घटनेचा अनुच्छेद ११० नीट वाचा. धन विधेयक म्हणजे ज्यात "केवळ" कर, कर्ज, संचित निधी (सरकारची मुख्य तिजोरी) अशा ठरावीक बाबी आणि त्यांना आनुषंगिक गोष्टी आहेत ते. हा "केवळ" म्हणजेच आपल्या घटनेतला एक-विषयाचा नियम, तेवढ्या कोपऱ्यापुरता. राज्यांसाठी अनुच्छेद १९९ तेच सांगतो. धन विधेयकावर राज्यसभा चौदा दिवसांत फक्त शिफारशी करू शकते, लोकसभेने त्या झिडकारल्या की संपलं. आपल्या विधानपरिषदेचंही तसंच. फरक एवढाच की साधं विधेयकसुद्धा परिषद अनुच्छेद १९७ प्रमाणे काही महिने रेंगाळवू शकते, कायमचं अडवू शकत नाही. त्यामुळे धन विधेयकाच्या वाटेचा मोह दिल्लीत जास्त आहे.

२०१७ चं वित्त विधेयक त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. १ फेब्रुवारीला मांडलं, तेव्हा त्यात न्यायाधिकरणांची ही रचना नव्हती. २१ मार्चला सरकारने दुरुस्त्यांचा गठ्ठा दिला. त्यात न्यायाधिकरणांचं विलीनीकरण, त्यांच्या अध्यक्ष-सदस्यांच्या नेमणुका आणि सेवाशर्ती सरकारी नियमांनी ठरवायचा अधिकार, आधार आणि पॅन जोडायची सक्ती, आणि रोखीच्या व्यवहाराची मर्यादा तीन लाखांवरून दोन लाखांवर. दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, लोकसभेत मंजूर. राज्यसभेने २९ ला पाच दुरुस्त्या सुचवल्या, ३० ला लोकसभेने पाचही फेटाळल्या. निवडणूक रोख्यांची वाट मोकळी करणारे बदलही याच कायद्यात होते.

यातली रोखीची मर्यादा आणि पॅन एकवेळ कराचा विषय म्हणता येतील. पीएफच्या अपिलाचं न्यायाधिकरण कोणत्या अर्थाने कर? विचारलं तर उत्तर असं की न्यायाधीशांचे पगार संचित निधीतून जातात. हा निकष लावला तर देशात धन विधेयक नाही असं विधेयक उरणार नाही, शिपायाचा पगारही तिथूनच जातो.

नियम नव्हते असं नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांत नियम ८० आहे, दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेत आणि त्या खंडाशी संबंधित असली पाहिजे. एक-विषयाच्या नियमाचा आत्मा यातच आहे. पण सरकारला कक्षा ओलांडायची असली की नियम ३८८ खाली ठराव येतो, नियम ८० या दुरुस्त्यांपुरता स्थगित करावा. बहुमत त्यांचंच, ठराव पास. कुलूप आहे, किल्लीही त्याच खिशात.

न्यायालयांनी काय केलं? १३ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, रॉजर मॅथ्यू प्रकरणात, न्यायाधिकरणांचे नियम रद्द केले. एखादं विधेयक धन विधेयक आहे, या लोकसभा अध्यक्षांच्या प्रमाणपत्राची तपासणी न्यायालय करू शकतं, हेही सांगितलं. पण धन विधेयक नक्की कशाला म्हणायचं हा गाभ्याचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला, कारण २०१८ च्या आधार निकालात बहुमताने आधारचा कायदा धन विधेयक म्हणून चालवून घेतला होता आणि दोन्ही भूमिका जुळत नव्हत्या. १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले तेही मतदाराच्या माहितीच्या हक्कावर. कोणत्या वाटेने आले यावर नाही. परीक्षेत इथे बरेच जण चुकतात.

ऑस्ट्रेलियाच्या घटनेचं कलम ५५ याबाबतीत सरळ आहे: कर बसवणाऱ्या कायद्यात करच असेल, दुसरं काही घातलं तर ते निष्प्रभ. नळा तेवढा गळून पडतो, गाडी चालू राहते. मला आयात करायचंच असेल तर न्यू जर्सीचं कलम नको, हे चालेल.

आता तुमच्या "कायदे सुधारतील का" कडे. अडचण "विषय" या शब्दात आहे. तो रबरासारखा ताणतो. इलिनॉयमध्ये एका कायद्याचं नाव होतं सार्वजनिक सुरक्षेबाबतचा. त्यात बालकांवरील लैंगिक गुन्हे होते, मालकाने कामगारांचं बोलणं चोरून ऐकण्याची मुभा होती आणि इंधनावरचं पर्यावरण शुल्कही होतं. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आख्खा रद्द केला. सगळं सुरक्षेचंच आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. हसू नका, आपल्याकडे "श्रम" हाही एकच विषय ठरला असता.

इथे सोलापूरकराला काय दिसतं ते सांगतो. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा एका धंद्यापुरता होता. आपल्या शहराच्या पूर्वभागातल्या, घरात बसून हजारी विड्या वळणाऱ्या बाईसाठी तो लिहिलेला होता. घरखेप कामगार म्हणजे कोण, मालक कोण, कंत्राटदार कोण, सगळं त्या धंद्याच्या भाषेत. युनियनच्या कार्यकर्तीच्या पिशवीत तो पातळ पुस्तकाच्या रूपात असायचा. एकोणतीस कामगार कायद्यांच्या चार संहिता झाल्या. त्यातल्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गेल्या, विरोधी बाकं बरीच रिकामी असताना. विडीचा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विरघळला. तिची कलमं १४३, खाण, बंदर, मळा, विडी सगळे एका छपराखाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. एक-विषयाच्या कसोटीवर ही संहिता सहज उतरते, विषय एकच. पण त्या कार्यकर्तीला तिचं कलम शोधायला आता माझ्याकडे यावं लागतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही आपल्याच गावातलं आहे, आणि घटनेच्या प्रत्येक पुस्तकात आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून तिचा कारभार हातात घेतला, मग त्याच वर्षी कायदा केला. देशातल्या एका कंपनीसाठी एक कायदा, नावातच कंपनीचं नाव. यापेक्षा एक-विषयी कायदा कुठून आणणार? चिरंजीत लाल चौधरी प्रकरणात १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने समानतेच्या मुद्द्यावर तो टिकवला, एक कंपनी हाही एक वर्ग असू शकतो म्हणून. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास प्रकरणात, प्रेफरन्स शेअरवाल्यांकडे नवे पैसे मागितल्यावरून, मोबदला न देता मालमत्ता काढून घेतली या मुद्द्यावर तोच उपाय कोसळला. विषय एक, नाव खरं, लांबी आटोपशीर, तरी कायदा घटनेत बसला नाही. जुन्या मिलच्या जागेवरून जाताना मला ही केस हमखास आठवते. सोबत कुणी असलं तर त्याला ऐकावीही लागते.

आणि भेसळ म्हणजे पापच, असंही नाही. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींना हात लावला. किरकोळ चुकांवरची कैद काढून दंड ठेवणं, हा त्याचा धागा. कडक एक-विषय नियम असता तर ४२ विधेयकं लागली असती आणि त्यातली तीस कधी आलीच नसती. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, महिनोन्‌महिने वाचलं गेलं. औषधांच्या कायद्यातल्या एका पोटकलमावर बाहेर बरीच बोलाचाली झाली, कारण ते लोकांना सापडलं. जुने मेलेले कायदे साफ करणारी निरसन व सुधारणा विधेयकंही अशीच मिसळीची असतात आणि कुणाचं बिघडत नाही.

दोन्हीतला फरक विषयांच्या संख्येत नाही, वाचायला मिळालेल्या दिवसांत आहे. मांडलेल्या विधेयकाला मागे परिशिष्ट असतं, मूळ अधिनियमातले उतारे. कोणता शब्द काढला, कोणता घातला ते समोरासमोर दिसतं. शेवटच्या क्षणी टेबलावर पडणाऱ्या दुरुस्त्यांना असं परिशिष्ट नसतं. "'अ' या शब्दाऐवजी 'ब' हा शब्द दाखल करण्यात येईल" एवढंच. माझा पीएफचा बदल तसाच आला होता.

म्हणून तुमच्या प्रबंधासाठी सुचवायचं तर इसवी सन पूर्व ९८ मधल्या रोमच्या कायद्यापासून सुरुवात करा, लेक्स काइकिलिया दिदिया. एक-विषय नियमाचा पणजोबा म्हणून सगळे त्याचा पहिला अर्धा भाग सांगतात, अनेक विषयांची मिसळ करून एकाच मतदानाला टाकायची नाही. दुसरा अर्धा भाग पुस्तकांत तळटीपेत जातो. विधेयक जाहीर केल्यावर तीन बाजार उलटेपर्यंत त्यावर मत घ्यायचं नाही. रोमचा बाजार आठ-आठ दिवसांच्या अंतराने भरे. खेड्यातला माणूस बाजाराला आला की चौकात लावलेला मसुदा वाचणार, घरी जाऊन बोलणार, पुढच्या बाजाराला परत येणार.

मला पहिला अर्धा भाग नसला तरी चालेल, दुसरा हवा आहे. दीर्घ शीर्षकाच्या बाहेर जाणारी दुरुस्ती आली तर ती मूळ उताऱ्यासह छापा, तीन बाजार थांबा, मग वेगळी मताला टाका. पक्षादेश असला तरी चालेल, निदान तोवर ती कुणाच्या तरी वाचनात आलेली असेल. वित्त विधेयकाला ३१ मार्चची घाई असते हे मान्य, पण न्यायाधिकरणांना कसली होती?

२१ मार्च २०१७ ला मंगळवार होता. आपल्या मंगळवार बाजाराच्या हिशोबाने मोजलं तर दुरुस्त्या बाजाराच्या दिवशी आल्या आणि पुढच्या बाजाराच्या सहा दिवस आधीच लोकसभेतून गेल्या.